येसराची चतुःसीमा

मन्मथप्पांना सल्ला घ्यायला फार आवडायचं. मानायला नाही, घ्यायला. मुलगी माजलगावच्या कोर्टात वकिली करू लागल्यापासून ही आवड वाढीलाच लागली होती. दिवसाआड दिंद्रुडहून फोन यायचा. बांधावरची बाभळ कोणाची, शेजाऱ्याच्या कोंबडीने आपल्या अंगणात अंडं घातलं तर ते कोणाचं. अंडं घरात कोणी खात नव्हतं, पण हक्क म्हटला की हक्क. प्रणिता कलम सांगायची, अप्पा "बरं बरं" म्हणायचे आणि मग जाऊन भगवानरावांना विचारायचे.

भगवानराव म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. गेली पंचवीस वर्षं ते सांगतील तो दिंद्रुडचा कायदा होता. प्रणिता पाच वर्षं शिकून जे सांगायची ते त्यांनी मान्य केलं तर लागू व्हायचं, एरवी नाही.

म्हणून "वाटणी करायची ठरली, रविवारी ये" असा अप्पांचा फोन आला तेव्हा तिने जमीन, दुकान, गिरणी यांतलं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "येसराचं काय करताय?"

"ते बी वाटायचं की," अप्पा म्हणाले.

येसर म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. मूठभर पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी तयार. लग्नाच्या पंगतीत ही आमटी नसली तर लोक जेवतात, पण वर्षभर बोलून दाखवतात. प्रणिताची आई गंगासागर एकतीस वर्षं येसर करत होती. नणंदेच्या लग्नात तिच्या हातची आमटी झाली, पाहुण्यांनी पीठ मागून नेलं, मग ते दुकानात आलं आणि पुढे त्याची छापील पाकिटं निघाली. पाकिटावर 'मन्मथप्पा येसर' असं नाव होतं आणि कपाळभर विभूती लावलेला मन्मथप्पांचा फोटो होता. ज्यांनी आयुष्यात उलथनं हातात धरलं नव्हतं, ते पाकिटावरून असे बघायचे की जणू आत्ताच चुलीपासून उठून आलेत.

गंगासागरला त्याचं काही वाटत असल्याचं तिने कधी दाखवलं नाही. मात्र प्रणिताने लहानपणापासून एक गोष्ट टिपली होती. आई दुकानाला 'आपलं' म्हणायची, शेताला 'ह्यांचं', गिरणीला 'भावजींचं', आणि 'माझं' म्हणायची ती फक्त येसराला. माझं येसर वाळायचंय. माझ्या येसराला हात लावू नगा. त्या घरातल्या एवढ्या वस्तूंमधली ती एकच तिची होती, आणि रविवारी तिचे वाटे पडणार होते.

चार महिन्यांपूर्वी प्रणिताने हे सगळं समजावून सांगितलं होतं. येसराचा स्टीलचा डबा मधे ठेवून अप्पा आणि बसवेश्वरकाका या दोघा भावांपुढे तिने शिकवणीच घेतली. हा डबा जंगम मालमत्ता आहे, उचलून नेला तर चोरी. डब्यावरचं नाव हे व्यापारचिन्ह, त्याची नोंदणी करता येते. आणि डब्यातलं कसं करायचं ते आईच्या डोक्यात आहे, ते गुपित. गुपिताची नोंदणी कुठंही होत नाही. ते कोणाला न सांगणं हीच त्याची कागदपत्रं.

काकांनी विचारलं, पेटंट घेतलं तर? प्रणिताने सांगितलं की पेटंट नव्या शोधाला मिळतं, पूर्वापार चालत आलेल्याला नाही; आणि घ्यायचं तर सगळं उघड लिहून द्यावं लागतं. मग कॉपीराइट? तो लिहिलेल्या मजकुराला असतो, आमटीला नाही. काकांनी थोडा विचार केला आणि सरकारने गोरगरिबांची काहीच सोय केलेली नाही असा निष्कर्ष काढला.

"आणि अप्पा," प्रणिता शेवटी म्हणाली होती, "येसर तुमच्या दोघांच्या वाटणीत येतच नाही. ते आईचं आहे."

"अन् आई कोणाची हाय?" अप्पांनी विचारलं होतं.

यावर कोणतं कलम लावावं ते तिला तेव्हा सुचलं नाही.

रविवारी ती पोहोचली तेव्हा ओसरीवर बैठक भरली होती. भगवानराव खुर्चीत, दोघं भाऊ सतरंजीवर, आणि भिंतीला टेकून बिभीषण दस्तलेखक मांडीवर लॅपटॉप घेऊन. वाटणीची रीत जुनी होती आणि तशी न्यायाची होती. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला वाटे पाडताना लबाडी करत नाही, कारण चांगला वाटा धाकटा नेणार हे त्याला ठाऊक असतं. जमीन अशीच वाटून झाली होती. राहिलं होतं दुकान, गिरणी आणि येसर.

अप्पा आठ रात्री झोपले नव्हते. दुकानाबरोबर येसर ठेवलं तर बसवेश्वर दुकान उचलणार. गिरणीबरोबर ठेवलं तर गिरणी. शेवटी त्यांना तोड सापडली होती आणि ती सांगताना त्यांचा चेहरा पाकिटावरच्या फोटोसारखा झाला. पहिला वाटा, दुकान आणि येसराचं नाव. दुसरा वाटा, गिरणी आणि येसराची कृती.

भगवानराव म्हणाले, याला म्हणत्यात न्याय.

प्रणिताने डोळे मिटले आणि उघडले. ओसरी तशीच होती. ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "भगवानराव, हे म्हशीचं तोंड एका भावाला आणि कास दुसऱ्याला दिल्यासारखं झालं."

"म्हशीचं बी केलंय आमी. चकलांब्याला," भगवानराव म्हणाले. "नीट नांदली."

बसवेश्वरकाकांनी फार वेळ घेतला नाही. दुकान भर चौकात होतं, त्यामुळे ते दुकानच उचलतील अशी अप्पांची खात्री होती. काकांनी गिरणी आणि कृती उचलली. नाव काय, म्हणाले, कोणतं बी ठेवता येतं. अप्पांच्या हातात दुकान राहिलं, नाव राहिलं, स्वतःचा फोटो राहिला. पाकिटात काय भरायचं तो प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, पण तो विचारायचा म्हणजे चूक कबूल करायची.

आता ताबा. उचललेल्या वाट्याचा ताबा तिथल्या तिथे द्यायचा असतो. गिरणीची किल्ली दिली, आता कृती द्या, भगवानराव म्हणाले. बिभीषणने बोटं मोडून लॅपटॉपवर ठेवली आणि आत गंगासागरला बोलावणं गेलं.

ती दाराच्या चौकटीत उभी राहिली. काय काय पडतं ते सांग, अप्पा म्हणाले.

"आई, काही सांगू नकोस," प्रणिता म्हणाली. "एकदा सांगितलंस की संपलं. ते परत गुपित होत नाही."

गंगासागरने लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि सांगायला सुरुवात केली. गहू किती, डाळ किती, धने कितपत भाजायचे, दगडफूल कधी टाकायचं, सुंठ शेवटीच का. पाढे म्हटल्यासारखं सगळं सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, काही राखलं नाही. बिभीषणची बोटं थांबली तसा तिने पदर सारखा केला आणि आत गेली.

स्वयंपाकघरात प्रणिताने तिला गाठलं. राग आईवर होता की बाहेरच्या चौघांवर, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. का सांगितलंस म्हणून तिने विचारलं.

"सांग म्हनले, सांगितलं," गंगासागर म्हणाली आणि चहाला साखर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवेश्वरकाका येऊन अगदी नम्रपणे म्हणाले की वहिनी, आता तुमी येसर करू नगा, लेखी हाय. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरातली येसराची परात पालथी पडली. पुढचे कित्येक आठवडे अप्पांनी दोन्ही वेळा तुरीचं वरण खाल्लं. तक्रार केली नाही. तक्रार करायची तर स्वतःकडेच करावी लागणार होती.

इकडे प्रणिताने एक शेवटचा बांध घालून पाहिला. दस्त नोंदवायच्या आधी पेपरात जाहीर प्रगटन द्यायचं, असा भगवानरावांचा आग्रह होता, म्हणजे पुढे कोणी हक्क सांगायला उठू नये. तिने बिभीषणला फोन करून बजावलं की प्रगटनात कृती टाकायची नाही, 'सीलबंद लिफाफ्यातील माहिती' एवढंच लिहायचं. दोनदा बजावलं. बिभीषण "बरं बरं ताई" म्हणाला. आयुष्यभर ज्या माणसाच्या तोंडून ती हे दोन शब्द ऐकत आली होती त्याची आठवण तिला तेव्हाच व्हायला हवी होती.

पुढच्या मंगळवारी बाररूममध्ये एका वकिलाने बीडहून निघणाऱ्या दैनिकाचं पाचवं पान तिच्यापुढे धरलं आणि तो चहा प्यायला लागला. मजकूर असा होता:

*जाहीर प्रगटन. तमाम जनतेस कळविण्यात येते की, मौजे दिंद्रुड येथील खालील वर्णनाची मिळकत श्री. बसवेश्वर यांचे वाट्यास आलेली आहे. मिळकतीचे वर्णन: येसराची कृती. क्षेत्र: पाच किलो. चतुःसीमा: पूर्वेस धने पाव किलो, पश्चिमेस जिरे छटाकभर, दक्षिणेस दगडफूल, उत्तरेस सुंठ. येणेप्रमाणे चतुःसीमेतील मिळकत, त्यातील गहू, डाळ, खोबरे, मिरी, लवंग यांसह, तसेच जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह. सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क अथवा हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी.*

त्याखाली भाजण्याची आणि दळण्याची रीत दिली होती, आणि त्याखाली ठळक अक्षरात ॲड. प्रणिता, माजलगाव.

तिने बिभीषणला फोन लावला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मिळकतीचं वर्णन न्हाई टाकलं तर लोकांनी हरकत कशावर घ्यायची? आणि त्याच्या नमुन्यात चतुःसीमेचा रकाना रिकामा ठेवला की पुढचं पानच उघडत नव्हतं. प्रगटन वकिलाच्या नावानं द्यायचं असतं, म्हणून तिचं टाकलं. घरचंच तर काम होतं.

काकांनी प्रगटनाची प्रत चौकटीत घालून गिरणीत लावली. चार दिवस त्यांना फार समाधान होतं.

पाचव्या दिवशी हरकती यायला लागल्या.

चौदाव्या दिवसापर्यंत प्रणिताच्या पत्त्यावर त्रेचाळीस आल्या. जिल्ह्यातल्या बायांना आजवर कोणी कशावर हरकत विचारली नव्हती. विचारली, तर त्यांनी घेतली. चकलांब्याच्या सुभद्राबाईंची दगडफुलावर हरकत होती, इतकं टाकलं तर आमटी कडू होते. एकीची दक्षिण सीमेवर, तिथे तीळ पाहिजेत. एकीने कळवलं की धने भाजायची रीत चुकलेली आहे आणि सदरहू वकीलबाईंनी आपल्या सासूकडून शिकून घ्यावी. प्रणिताचं अजून लग्न व्हायचं होतं. गेवराईकडच्या एका आचाऱ्याने लिहिलं की प्रगटनाप्रमाणे तीनशे पानांची पंगत केली, आमटी उत्तम झाली, आपली काही हरकत नाही. नांदूरघाटहून गंगासागरच्या थोरल्या बहिणीने, रतनबाईंनी, दोन पानं कोणाकडून तरी लिहवून पाठवली होती. ही कृती आमच्या आईची, ती आम्हा दोघी बहिणींना चुलीपुढं बसवून शिकवली, दिंद्रुडकरांचा तिच्याशी काय संबंध ते कळवावे.

प्रणिता कोर्ट सुटल्यावर एकेका हरकतीची पोच लिहीत बसायची. आपण एवढं शिकलो ते तिळासंबंधी पत्रव्यवहार करायला, असं तिला वाटायचं, आणि ती पुढचं पाकीट फोडायची.

दरम्यान तालुक्यातल्या घराघरात येसर भाजलं जात होतं. बसवेश्वरकाकांनी काढलेल्या नव्या पाकिटाकडे कोणी ढुंकून बघेना. ते माजलगावला येऊन धडकले. त्यांना सगळ्या तालुक्यावर चोरीची केस घालायची होती.

"चोरी नाही काका," प्रणिता म्हणाली. "डबा नेला असता तर चोरी होती. हे तुम्ही पेपरात दिलंत."

"मग आता ती कृती कुनाची?"

"सगळ्यांची."

डबा मधे ठेवून ती तेव्हा जे सांगत होती ते काकांना आत्ता, एवढं सगळं झाल्यावर, कळत होतं. हे आधी कावून न्हाई सांगितलं, असं त्यांनी विचारलं. प्रणिताने टेबलावरची फाईल उचलली आणि परत ठेवली.

पंधराव्या दिवशी शेवटची, चव्वेचाळिसावी हरकत आली. रजिस्टर पोस्टाने, दिंद्रुडहून. शाळेच्या वहीचा आखीव कागद होता. अक्षर तिने लगेच ओळखलं. ती शिकत असताना याच अक्षरात तिच्या जेवणाच्या डब्याबरोबर चिठ्ठ्या यायच्या.

रविवारी पुन्हा बैठक भरली. हरकतींचं काय करायचं ते ठरवायला. प्रणिताने त्रेचाळीस हरकतींचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि वहीचा कागद उघडून वाचला. गंगासागर चौकटीत उभी होती.

*मी, गंगासागर, राहणार दिंद्रुड, हरकत घेते. येसर मी माहेराहून शिकून आले. ते ह्या घरच्या वडिलांनी मिळवलेलं नाही, म्हणून त्यांच्या मुलांना ते वाटता येत नाही. बैठकीत मला त्यात काय पडतं ते विचारलं. ते कोणाचं आहे ते विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं.*

पाच वर्षं शिकलेल्या प्रणिताने वाटणीच्या आधीच जे शोधायला हवं होतं ते कलम त्या कागदात होतं, नुसता आकडा घातलेला नव्हता. माहेरून आलेलं ते स्त्रीधन. त्यात पाककृती मोडते की नाही यावर कोण्या कोर्टाने कधी निकाल दिला असेल तर तो तिला माहीत नव्हता. पण ओसरीवर बसलेल्या बाकीच्यांनाही तो माहीत नव्हता, आणि या एकाच बाबतीत ती त्यांच्या मागे नव्हती.

भगवानरावांनी घसा साफ केला. "वहिनी, हे त्याच दिवशी बोलला असता तर?"

"हरकत लेखी पाहिजे, असं पेपरात होतं," गंगासागर म्हणाली.

मग अप्पांनी समेटाचा मार्ग काढला. कृतीची मालकी आता राहिलीच नाही तर आपण तंटा कशाचा करतोय? हिनं पहिल्यासारखं करावं, आपल्या पाकिटात भरावं. नाव आहेच. फोटो आहेच.

"न्हाई," गंगासागर म्हणाली. आवाज चढला नव्हता. "करीन. पर माझ्या नावानं."

अप्पांनी मुलीकडे पाहिलं. सल्ला पाहिजे असला की ते असे बघायचे. प्रणिता म्हणाली की कृती गेली, ती आता तमाम जनतेची. राहतं ते नाव. 'मन्मथप्पा येसर' तुमचं, ते तुमच्याकडेच राहील, त्यात काय भरायचं ते तुम्ही ठरवा. 'गंगासागर येसर' हे कोणाच्याच वाट्यात नव्हतं, कारण वाटे पाडताना ते कोणाला सुचलंच नाही.

नोंदणीचा अर्ज तिने तिथेच भरायला घेतला. बिभीषण लॅपटॉप द्यायला तयार होता, पण तिने त्याच्या कोणत्याही नमुन्याला हात लावायला नकार दिला आणि मोबाईलवर अर्ज उघडला. गंगासागर शेजारी येऊन बसली. अर्जदाराचं नाव झालं, पत्ता झाला. मग रकाना आला, हे नाव कधीपासून वापरात आहे.

"एकतीस वर्षं," गंगासागर म्हणाली.

"आई, ते येसर. नाव कधीपासून?"

"नाव तर छप्पन्न वर्षांपासून हाय. वापरलं मात्र कुणी न्हाई."

प्रणिताने 'पुढे वापरणार' असं भरलं. कायद्याला तेवढंच कळतं.

महिन्याभराने परात पुन्हा उताणी झाली. घरोघर येसर होत होतं हे खरं, पण पेपर वाचून भाजणं आणि तीस वर्षं भाजणं यात फरक पडतो. ज्यांनी हरकती घेतल्या त्यांच्याच घरच्या लग्नांना गंगासागरचं पीठ जायला लागलं. सुभद्राबाईंनी दगडफूल कमी टाकून पाहिजे असं कळवलं होतं, ते तिने टाकलं तेवढंच टाकलं. ती विकायची मागच्या अंगणातून. पुढे चौकात अप्पांचं दुकान होतं, त्यात रिकाम्या छापील पाकिटांचा गठ्ठा पडून होता आणि फोटोतले अप्पा गिऱ्हाइकांकडे बघत होते. गिऱ्हाईक आत यायचं, येसर आहे का विचारायचं, आणि अप्पा मागच्या दाराकडे बोट दाखवायचे.

मग एका सकाळी प्रणिताचा फोन वाजला. अप्पांना सल्ला पाहिजे होता. समजा एखाद्या दुकानात दुसऱ्याच्या नावाचा माल ठेवायचा, तर त्याला कायद्याने कोणाची परवानगी लागते?

"ज्याचं नाव त्याची," प्रणिता म्हणाली. "अप्पा, ती आतच आहे. विचारा तिला."

"बरं बरं," अप्पा म्हणाले, फोन ठेवला आणि भगवानरावांकडे गेले.

भगवानरावांनी सगळं ऐकून घेतलं, विचार केला, आणि वहिनीला विचारायला सांगितलं. तेव्हा कुठे अप्पा घरी आले, परातीपासून चार हात लांब उभे राहिले आणि भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं.

गंगासागर धने भाजत होती. तिने मान वर केली नाही.

"अर्ज द्या," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत कळवते."